स्टेकला काय हवंय ते आधी बघू या

प्रिय ताई,

येत्या शनिवारी आमच्याकडे सहाजणांचं जेवण आहे आणि इतक्यांसाठी स्टेक मी पहिल्यांदाच करणार आहे. रिबआयचे, म्हणजे बरगडीकडच्या चरबीदार मांसाचे, सहा तुकडे, प्रत्येकी साधारण 3 सेंटिमीटर जाड, सांगून ठेवलेत. मांसाची मला तेवढी भीती नाही. आम्हा दोघांसाठी लोखंडी पॅनमध्ये मी बरेचदा करते. अडलंय ते सॉसवर. मला बेअर्नेझ, म्हणजे अंड्याचा बलक आणि लोण्याचा सॉस, करायचाय, कारण स्टेकसोबत तोच सगळ्यात उत्तम असं कायम वाचत आले. नवऱ्याला मिऱ्यांचा क्रीम घातलेला सॉस हवा आहे. दीर म्हणतात, चांगल्या स्टेकवर सॉस घालणं म्हणजे मांसाचा अपमान. जाऊबाईंना दूध आणि दुधाचं काहीच चालत नाही. सासऱ्यांना स्टेक आतपर्यंत पूर्ण शिजलेलाच लागतो. शेवटी वाटलं, चार सॉस करून टेबलावर मांडून द्यावेत. पण मग माझी संध्याकाळ स्वयंपाकघरातच जाईल. कोणता सॉस करू? आणि निवडायचा तरी कशावरून?

– पेचात पडलेली

*

प्रिय मैत्रिणी,

उत्तर आधी देते, कारणं मागाहून. शनिवारी दोन सॉस करा. मोठ्या वाडग्यात चिमिचुरी, म्हणजे पार्सली, लसूण, व्हिनेगर आणि तेलाचा हिरवा सॉस, सगळ्यांसाठी. छोट्या भांड्यात मिऱ्यांचा सॉस, सासऱ्यांसाठी आणि तुमच्या यजमानांसाठी. बेअर्नेझ या शनिवारी करू नका. तो वाईट आहे म्हणून नव्हे. मला स्वतःला तो फार आवडतो. पण सहा माणसं, सहा रिबआय आणि एकटा तुमचा हात, यात त्याचं बसत नाही. आणि चार सॉस तर मुळीच नकोत. एक ना धड, भाराभर चिंध्या अशी गत होईल.

आता तुमच्या दिरांकडे वळते, कारण त्यांचा मुद्दा मला मनापासून पटतो, निदान अर्धा तरी. फ्लॉरेन्समध्ये हाडासकट जाड स्टेक निखाऱ्यावर भाजतात आणि त्यावर मीठ, मिरी, ऑलिव्ह तेल, फार तर लिंबाची एखादी फोड, एवढंच घालतात. त्या स्टेकला काही कमी पडत नाही. पण तिकडे अर्जेंटिनातही मांस निखाऱ्यावरच भाजतात, तितक्याच निगुतीनं, आणि तिथे मात्र शेजारी हिरव्यागार चिमिचुरीचा वाडगा हवाच. मांसाचा अपमान कुठेच होत नाही. फ्लॉरेन्सची लिंबाची फोड आणि अर्जेंटिनाचा व्हिनेगर एकच काम करतात, हे मात्र लक्षात घ्या. दोन्हीकडे चरबीसमोर आंबटपणा उभा केलाय. दिरांसमोर जाडं मीठ आणि लिंबाची फोड ठेवा आणि त्यांना सॉसचा आग्रह करू नका. त्यांची पसंती त्यांना मिळेल, आणि तुमच्या सॉसचं तत्त्वही तेच असेल.

निवडायचं कशावरून, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. लोक सॉसच्या नावापासून सुरुवात करतात. तुम्ही मांसाच्या तुकड्यापासून करा. समोरच्या तुकड्यात काय आहे आणि काय नाही, एवढंच विचारा. कुठल्याही चांगल्या स्टेकमध्ये मीठ असतं, मांसाचा भरीव स्वाद असतो, आणि बाहेरच्या तपकिरी कवचाचा खमंग, किंचित कडसर वास असतो. आंबटपणा त्यात नसतो. ताज्या हिरव्या पाल्याचा वास नसतो. नाकात चढणारा झणका नसतो. चरबी मात्र एका तुकड्यात भरपूर असते आणि दुसऱ्यात जवळपास नसतेच. सगळा फरक तिथे पडतो.

फिले घ्या. टेंडरलॉइनचा हा तुकडा लोण्यासारखा मऊ, पण चरबी कमी आणि चवही सौम्य. जनावराचा तो स्नायू फारसं काम करत नाही, म्हणून मऊ राहतो, आणि म्हणूनच चवीलाही हलका. त्याला बाहेरून स्निग्धता द्यावी लागते. लोणी, क्रीम, अंड्याच्या बलकाचे सॉस त्याच्यावर शोभतात. बेअर्नेझ, मिऱ्यांचा सॉस, मश्रूम आणि क्रीम, निळ्या चीजचा सॉस, सगळे चालतात.

रिबआयचं नेमकं उलट. मांसात चरबीचे बारीक धागे पसरलेले असतात, मध्ये एक जाड गाठ असते, आणि बाहेरच्या कडेचा वक्र भाग तर सगळ्यात रसाळ. पहिले चार घास स्वर्गीय लागतात. सातव्या-आठव्या घासाला जिभेवर चरबीचा थर बसलेला असतो आणि चव मंदावते. इथे आंबट काहीतरी आलं की तोंडाला पाणी सुटतं, थर निघून जातो, आणि नववा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. म्हणून तुमच्या रिबआयला चिमिचुरी. सरलॉइन या दोघांच्या मधला, त्याला बहुतेक काहीही चालतं. स्कर्ट आणि फ्लँक हे लांब, ठळक धाग्यांचे, चवीला दणकट तुकडे. त्यांना लसूण आणि व्हिनेगरच साजतो, नाजूक लोण्याचा सॉस त्यांच्यापुढे हरवून जातो.

आणखी एक गोष्ट आहे, जी पाककृतींत क्वचितच सांगितलेली असते. स्टेक कशावर भाजलाय? पॅनमध्ये भाजलात तर तळाला तपकिरी थर चिकटून राहतो. मांसाचा रस साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की त्यातल्या प्रथिनांची आणि साखरेची जी प्रक्रिया होते, तिचाच तो ठेवा. त्यात वाइन, ब्रँडी किंवा स्टॉक (हाडांचं उकळून केलेलं पाणी) ओतून खरवडलं की अर्धा सॉस तयार. जाळीवर, निखाऱ्यावर भाजलात तर तो थर मिळतच नाही, सगळं खाली आगीत पडतं. मग पॅनमधले सॉस करायला आधारच उरत नाही, आणि चिमिचुरी, साल्सा वेर्दे, मसाला घातलेलं लोणी असे वेगळे तयार होणारे सॉस कामी येतात. तुम्ही लोखंडी पॅन वापरणार आहात, म्हणून तुम्हाला दोन्ही दारं उघडी आहेत.

आता बेअर्नेझ. तुमचं मन त्यात अडकलंय, तेव्हा त्याच्याबद्दल नीट बोलू या.

व्हिनेगर, पांढरी वाइन, बारीक चिरलेले शॅलट कांदे, टॅरागॉन हा सुवासिक पाला आणि थोडी मिरी हे एकत्र आटवायचं, जेमतेम दीड मोठा चमचा उरेपर्यंत. ते गाळून तीन बलकांत घालायचं आणि उकळत्या पाण्याच्या वाफेवर फेटत राहायचं. बलक घट्ट, फिकट झाला की त्यात साधारण 200 ग्रॅम वितळवून निवळ केलेलं लोणी थेंबाथेंबानं सुरू करून मग बारीक धारेनं घालायचं. शेवटी चिरलेला टॅरागॉन. पॅरिसजवळच्या साँ-जर्मँ-आँ-ले गावातल्या पाव्हियाँ आँरी कात्र या उपाहारगृहात 1830 च्या दशकात तो पहिल्यांदा झाला असं परंपरेनं सांगितलं जातं. नाव बेआर्न या प्रांतावरून आलंय, फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाच्या जन्मभूमीवरून.

या सॉसची सगळी नजाकत तापमानात आहे. बलक 65 अंशांच्या आसपास हवा तसा दाटतो. त्याच्या फार पुढे गेला की गुठळ्या होऊन अंड्याचा चुरा होतो. लोणी खूप गरम घातलं किंवा घाईनं ओतलं, तर बलकाला ते धरून ठेवता येत नाही आणि सॉस फाटतो, वर तूप आणि खाली पाणी. फाटलाच तर इलाज आहे. स्वच्छ भांड्यात एक नवा बलक आणि चमचाभर कोमट पाणी फेटायचं आणि फाटलेला सॉस त्यात थेंबथेंब घालत न्यायचा. बहुतेक वेळा तो पुन्हा जुळून येतो. पण हे करायला पाच-सात मिनिटं लागतात, दोन्ही हात लागतात आणि मन शांत लागतं. शनिवारी ती पाच-सात मिनिटं तुमच्याकडे नसतील, कारण तेव्हाच स्टेक पॅनमधून काढायचे असतील. मी एकदा आठ माणसांसाठी हे दोन्ही एकदम करायला गेले होते. सॉस सांभाळला, आणि तेवढ्यात मांस हवं त्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलं. महागाचं मांस आणि आपल्यावर विश्वासानं जेवायला बसलेली माणसं, दोन्हींबद्दल फार वाईट वाटलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून इतकं सांगतेय.

शिवाय जाऊबाईंना तो चालणार नाही. बेअर्नेझ म्हणजे मुख्यतः लोणीच. ज्या सॉसभोवती आपण सगळं जेवण मांडलंय तोच एका माणसाला चाखता येऊ नये, हे मला बरं वाटत नाही.

तरीही मन राहत नसेल, तर एक वाट आहे. तेच व्हिनेगर, वाइन आणि शॅलटचं मिश्रण जवळजवळ कोरडं होईपर्यंत आटवा, पूर्ण थंड करा, आणि मऊ केलेल्या 100 ग्रॅम लोण्यात भरपूर चिरलेल्या टॅरागॉनसह मिसळा. बटर पेपरमध्ये गुंडाळून लांबट वळकटी करून फ्रिजमध्ये ठेवा. शुक्रवारी केलं तरी चालतं. वाढताना गरम स्टेकवर एक चकती ठेवली की ती वितळून रसात मिसळते. बेअर्नेझचा सगळा सुगंध आणि आंबटपणा त्यात आहे, फक्त फेसाळ मऊपणा नाही. हे केलंत तर ते मिऱ्यांच्या सॉसऐवजी करा, त्याच्या जोडीला नव्हे.

चिमिचुरीकडे येऊ या. सहाजणांसाठी पार्सलीची एक मोठी जुडी, चार पाकळ्या लसूण, दोन छोटे चमचे वाळका ओरेगॅनो, एक छोटा चमचा लाल मिरचीचे तुकडे, तीन ते चार मोठे चमचे रेड वाइन व्हिनेगर आणि अर्धा कप तेल. मीठ थेट घालू नका. छोटा चमचाभर मीठ दोन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवा, ते कोमट झालं की त्यात ओरेगॅनो, मिरची आणि ठेचलेला लसूण दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवा. वाळका ओरेगॅनो तेलात तसाच घातला तर पाचोळ्यासारखा लागतो. पाण्यात फुलला की त्याचा वास मोकळा होतो. मग तेल आणि चिरलेली पार्सली.

पार्सली सुरीनंच चिरा, आणि आधी ती पूर्ण कोरडी करा. ओली असली तर सॉस पाणचट होतो आणि व्हिनेगर फिका पडतो. मिक्सरमध्ये फिरवली तर लगदा होतो आणि प्रत्येक घासाला तोच एकसारखा हिरवट स्वाद येतो. सुरीनं चिरलेल्या सॉसमध्ये कधी लसणाचा तुकडा लागतो, कधी मिरची, कधी नुसती पार्सली. मला तो असमानपणाच या सॉसचा प्राण वाटतो. जाड देठ टाका, कोवळे राहू द्या.

हा सॉस दुपारी करून ठेवता येतो, यातच तुमची अर्धी काळजी मिटते. व्हिनेगर मात्र वाढण्याआधी तासभरच घाला, कारण आम्लात हिरवा रंग हळूहळू मळकट होत जातो. चव बिघडत नाही, रंग उतरतो. घालून झालं की चाखा, पण चमच्यानं नको, भाजलेल्या मांसाच्या किंवा पावाच्या तुकड्याबरोबर. नुसता चाखला तर तो नेहमी जास्त आंबट वाटतो आणि आपण उगाच तेल वाढवतो. रिबआयबरोबर तो आंबटच हवा. उरला तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. तेलात बुडालेला कच्चा लसूण बाहेर ओट्यावर ठेवणं सुरक्षित नसतं.

लसूण कुणाला चालत नसेल तर हॉर्सरॅडिशचा विचार करा. हे मूळ अख्खं असताना त्याला फारसा वास नसतो. किसलं की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम कामाला लागतं आणि नाकात चढणारा झणका तयार होतो. व्हिनेगर घातला की ती प्रक्रिया थांबते. त्यामुळे जहाल हवं असेल तर किसल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून व्हिनेगर घालायचा, सौम्य हवं असेल तर लगेच. गरम मात्र करायचं नाही, झणका उडून जातो.

मिऱ्यांचा सॉस तुमच्या यजमानांनी मागितलाय, आणि सासऱ्यांना त्याची खरी गरज आहे. तो ऐनवेळी करायची पद्धत आहे, पण सहाजणांसाठी मी दोन टप्प्यांत करते. दुपारी दोन मोठे चमचे काळी मिरी जाडसर कुटा. पूड नको, दाण्याचे तीन-चार तुकडे व्हायला हवेत. दोन शॅलट थोड्या लोण्यात मऊ करा, मिरी घालून मिनिटभर परता, मग ब्रँडी पाव कप. ब्रँडी घालताना पॅन आचेवरून बाजूला घ्या आणि कपात मोजून घेतलेलीच ओता, बाटलीतून थेट कधीही नाही. ती जवळजवळ आटली की बिनमिठाचा स्टॉक 400 मिलीलिटर. हा निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवा. मीठ आधीपासून असलं तर आटताना ते दाटत जातं आणि शेवटी सॉस खारट होतो, म्हणून बिनमिठाचा.

डब्यातला स्टॉक कितीही आटवला तरी पाण्यासारखा राहतो, अशी तक्रार बरेच वाचक करतात. हाडांपासून घरी केलेल्या स्टॉकमध्ये जिलेटिन असतं, ते ओठांना किंचित चिकटतं आणि सॉसला अंग देतं. डब्यातल्यात बहुधा ते नसतं. छोटा चमचाभर बिनचवीची जिलेटिन पावडर थंड स्टॉकमध्ये पाच मिनिटं भिजवून मग घाला. फरक तुम्हाला चमच्याच्या पाठीवर दिसेल. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालू नका, मिऱ्यांच्या सॉसला ते जडपणा आणतात.

इथपर्यंत दुपारीच करून ठेवा. संध्याकाळी स्टेक पॅनमधून निघाले की जास्तीची चरबी ओतून टाका, हा आटवलेला सॉस त्याच पॅनमध्ये घाला, तळाचा तपकिरी थर लाकडी चमच्यानं खरवडून घ्या, आणि 150 मिलीलिटर घट्ट क्रीम घालून तीन-चार मिनिटं उकळा. क्रीम 35 टक्के किंवा त्याहून जास्त चरबीचं घ्या. पातळ क्रीम ब्रँडीच्या आणि उकळीच्या माऱ्यानं फाटू शकतं. मिरीचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, चरबीत आणि मद्यात उतरतो. म्हणून या सॉसमध्ये क्रीम आणि ब्रँडी लागतात आणि म्हणूनच तो तोंडभर पसरतो. पॅनचा थर करपून काळा झाला असेल तर मात्र तो पॅन वापरू नका, सॉस कडू होईल. स्वच्छ पॅनमध्ये तयार करा आणि स्टेक विसावलेल्या ताटलीत जमलेला रस त्यात ओता. तो रस कधीही टाकायचा नाही, सॉस कोणताही असो.

पाहुण्यांपैकी कुणी मद्य घेत नसेल तर आधी विचारा. ब्रँडी शिजल्यावर सगळी उडून जाते असं बऱ्याचजणांना वाटतं, ते खरं नाही. पेटवली तरी बराच भाग उरतो. ब्रँडी वगळून थोडा जास्त स्टॉक आणि शेवटी चमचाभर मोहरीची पेस्ट घातलीत तर सॉस वेगळा होतो, पण चांगला होतो.

सासऱ्यांबद्दल दोन शब्द, कारण पूर्ण शिजलेला स्टेक मागणाऱ्या माणसाला टेबलावर फार बोल लावले जातात आणि ते मला आवडत नाही. त्यांना तसा आवडतो, त्यांना तसाच द्या, आणि तोही मनापासून करून द्या. मांस आतून 70 अंशांच्या पुढे गेलं की धागे आवळतात आणि बराच रस बाहेर पडतो. तो ओलावा आणि स्निग्धपणा परत द्यायला सॉस लागतो. सगळ्या टेबलावर ज्याला सॉसची सर्वांत जास्त गरज आहे तो त्यांचाच तुकडा. म्हणून मिऱ्यांचा सॉस त्यांच्या हाताशी ठेवा आणि त्यांना हवा तेवढा घेऊ द्या. रिबआयमध्ये चरबी असल्यामुळे तो पूर्ण शिजवला तरी फिलेइतका कोरडा होत नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. त्यांचा तुकडा भडक आचेवर जास्त वेळ न ठेवता कडेनं रंग आला की मध्यम ओव्हनमध्ये सरकवा.

जाऊबाईंचा तुकडा मात्र सगळ्यात आधी भाजा, स्वच्छ पॅनमध्ये, फक्त तेलात. रिबआयला शेवटी लोणी आणि लसूण घालून चमच्यानं ते वर ओतत राहण्याची आपल्याला सवय असते, आणि त्या लोण्याचा विसर पडतो. सॉस निवडताना इतकी काळजी घ्यायची आणि पॅनमध्येच दूध पोचवायचं, असं व्हायला नको. मिऱ्यांच्या सॉसचा चमचा चिमिचुरीच्या भांड्यात जाऊ नये, म्हणून दोन्ही भांडी टेबलाच्या दोन टोकांना ठेवा.

रेड वाइनचा, अस्थिमज्जा घातलेला बोर्दलेझ तुम्ही विचारला नाहीत, पण विचारातून गेला असेल. तो सुंदर आहे, मात्र त्याला खरा, घट्ट बीफ स्टॉक आणि निवांत दुपार हवी. पुन्हा कधीतरी. निळ्या चीजचा सॉस रिबआयवर मी कधीच करत नाही, खारट चरबीवर आणखी खारट चरबी होते.

वाढताना सॉस स्टेकच्या डोक्यावर ओतू नका. इतक्या मेहनतीनं आणलेलं कुरकुरीत कवच दोन मिनिटांत मऊ पडतं. मिऱ्यांचा सॉस ताटात खाली किंवा बाजूला घाला, चिमिचुरी शेजारी किंवा कापलेल्या फोडींवर. माणशी दोन ते तीन मोठे चमचे पुरतात. ताटं ओव्हनमध्ये कोमट करून घ्या, हात लावता येईल इतपतच. क्रीमचा सॉस थंड ताटावर पडला की वर साय धरतो आणि चरबी गोठायला लागते. चिमिचुरी फ्रिजमधून तासभर आधी काढा, थंडगार सॉसनं गरम मांस निवतं.

आणि कुणी बाटलीतला तपकिरी सॉस मागितला तर द्या. त्यात व्हिनेगर असतो, गोडवा असतो, मसाला असतो. चरबीसमोर आंबट ठेवायचं हेच काम तोही करतो.

या बुधवारी एक काम करा. एकच स्टेक आणा, अर्ध्या मापानं दोन्ही सॉस करा आणि तुम्ही दोघं जेवा. घड्याळ लावून करा. मिऱ्यांचा सॉस पॅनमध्ये घातल्यापासून वाढेपर्यंत किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा, कारण शनिवारी स्टेक विसावायला ठेवायचा वेळ तेवढाच असेल. माझ्या हिशेबानं सहा-सात मिनिटं लागतात, आणि 3 सेंटिमीटर जाडीच्या रिबआयला तेवढा विसावा पुरतो. यजमानांना चिमिचुरीही चाखायला द्या. मिऱ्यांचा सॉस त्यांनी मागितलाय खरा, पण रिबआयच्या शेवटच्या घासांबरोबर ते कुठल्या भांड्याकडे हात नेतात ते बघून शनिवारी कोणता सॉस किती करायचा ते ठरवा.

बेअर्नेझसाठी एखादी संध्याकाळ वेगळी ठेवा, तुम्हा दोघांसाठीच, फिलेचे दोन तुकडे आणून. सॉस आधी करून गरम पाण्यानं खळखळून कोरड्या केलेल्या थर्मास फ्लास्कमध्ये भरून ठेवा. तासाभराच्या आत वाढणार असाल तर तो तिथे छान राहतो, आणि मग तुमचे दोन्ही हात पॅनसाठी मोकळे असतील.

– तुमची ताई